अप्पांचं सातवं मत

शुक्रवारी सकाळी अप्पांनी कॉफीचा पहिला घोट घेतला आणि म्हणाले, "डिकॉक्शन पातळ आहे."

"रोजचंच आहे," मी म्हटलं.

"रोजच पातळ असतं. आज सांगितलं इतकंच."

हे खरं नव्हतं. ते रोज सांगत. एकतीस वर्षं त्यांनी घड्याळाच्या कारखान्यात तपासणी विभागात काढली होती. तिथून निवृत्त झाल्यावर तपासणीला काहीतरी हवं, म्हणून घरात मी होते आणि घराबाहेर बास्केटबॉल खेळणारा गिरीराज होता. माझं डिकॉक्शन पातळ, माझं दार लावणं जोरात, मी भाषांतर केलेल्या शाळेच्या पुस्तकांत स्वल्पविराम जास्त. मी चव्वेचाळीस वर्षांची आहे आणि बरंच काही वाचलेलं आहे. घरातल्या टीकेला उत्तर द्यायचं नाही, हे मी वाचूनच ठरवलं होतं. मी कप उचलला आणि जोरात न वाजवता मोरीत ठेवला, हेच काय ते उत्तर.

मग त्यांनी लिफाफा दिला. डिंकानं चिकटवलेला, झाकणावर आडवी सही आणि तारीख.

"क्लब तुझ्या वाटेवर आहे. आजच दे. मालोजीच्याच हातात. उद्या संध्याकाळी सभा आहे."

क्लब खरोखरच माझ्या वाटेवर होता. म्हणून मी वाट बदलली. डिकॉक्शनचा राग लिफाफ्यावर काढायला तेवढीच सोय होती. संध्याकाळी अप्पांनी विचारलं, "पत्र दिलंस?"

"दिलं."

"मालोजीनं रजिस्टरात सही केली?"

"केली."

खोटं बोलायला सुरुवात केली की तपशील आपोआप सुचतात. "सरी," म्हणजे ठीक आहे, असं अप्पा म्हणाले आणि टीव्ही लावला. शनिवारी पहाटे ते झोपेतच गेले.

म्हणजे अप्पांशी माझं शेवटचं बोलणं खोटं होतं, आणि ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं. ते मागाहून का होईना, खरं करायचं, एवढाच माझा बेत होता. एक लिफाफा आणि चार गल्ल्या. याहून लहान काम चामराजपेटेत सापडायचं नाही.

इथं क्लबाबद्दल सांगायला हवं. शहाजी बास्केटबॉल क्लब आमच्या लोकांनी काढलेला. आमचे लोक म्हणजे साडेतीनशे वर्षांपूर्वी या गावात आलेले आणि अजून घरात मराठी बोलणारे. ती पुण्याच्या पाहुण्यांना कळते, पण ते हसतात. क्लबात आता सगळेच येतात. पत्र्याचं छप्पर असलेलं एक मैदान, सिमेंटच्या पाच पायऱ्या, आणि अप्पांची लोखंडी घडीची खुर्ची, पाठीवर पांढऱ्या रंगात 'रघुपती राव'. संघ दुसऱ्या विभागात आहे आणि तिसऱ्यात जाण्याची त्याला ओढ आहे.

गिरीराज त्या संघाचा. सहा फूट तीन इंच, इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरी. एक दिवस तीस गुण करतो, दुसऱ्या दिवशी चार. त्यावरून क्लबात दोन पक्ष आहेत. एका पक्षाचे पुढारी उमाकांत अण्णा, बँकेतून निवृत्त, खिशात कायम भाजलेले शेंगदाणे. दुसऱ्याचे वादिराज, गणिताचे प्राध्यापक, ज्यांच्या फोनमध्ये गिरीराजचा सहा वर्षांतला प्रत्येक चेंडू आहे. वादिराज कन्नडच बोलतात, अण्णा मराठीतूनच उत्तर देतात, आणि दोघांना एकमेकांचं सगळं कळतं. भांडण त्यामुळेच टिकलं आहे.

"हा खेळाडू आहे की कावेरीचं पाणी?" वादिराज म्हणत. "एक दिवस आड!"

"आड का होईना, आपल्याच नळाला येतं ना? आपला पोरगा आहे तो. वाईट खेळला तरी आपला."

"देवळात जाताना चप्पल कुठं काढली ते बघून ठेवतोच ना माणूस? भक्ती भक्तीच्या जागी, अण्णा."

"तुम्ही तर गाभाऱ्यातही चप्पलच बघता!"

आणि अप्पा? अप्पा कुठल्याच पक्षात नव्हते, म्हणजे दोन्ही पक्ष त्यांना आपलं मानत. गिरीराज फ्री थ्रोला, म्हणजे कुणी न अडवता चेंडू टाकायला, लाइनवर उभा राहिला की सगळा क्लब गप्प बसे आणि अप्पा खुर्चीतून एकदाच ओरडत, "गिरी, कोपर आत!" फेकताना त्याचं कोपर बाहेर जातं. वादिराज म्हणत, बघा, रावसाहेबसुद्धा दोषच काढतात. अण्णा म्हणत, बघा, आशीर्वाद देतात. शिवाय, दुसऱ्या कुणी गिरीराजला नावं ठेवली तर अप्पा त्याच्याशी आठवडाभर बोलत नसत, याचा अर्थ कुणालाच लागला नव्हता.

संघनिवडीची समिती सात जणांची. गिरीराजला ठेवायचं की काढायचं यावर तीन विरुद्ध तीन. सातवे अप्पा. गेल्या वर्षी सभेत चहा गार आला म्हणून अप्पांनी सभात्याग केला होता. तेव्हापासून ते नियम चौदा प्रमाणे बंद लिफाफ्यातून मत देत. तो लिफाफा माझ्या पिशवीत होता.

तो घेऊन मी रविवारीच निघाले होते. शेजारच्या अनुसूया अक्कांनी दारातच अडवलं.

"सुतकात दुसऱ्याच्या दारात कागद घेऊन जातात का कोणी? खुळी की काय!"

"अक्का, पत्र अप्पांचंच आहे."

"म्हणून तर! गेलेल्या माणसाचं पत्र आहे. तेरा दिवस होऊ दे. तोवर दिव्यापाशी ठेव. त्यांची वस्तू, त्यांच्याजवळ."

अप्पा गेले त्या जागी दिवा लावला होता. लिफाफा त्याच्या शेजारी ठेवला. दिव्यात तेल घालायचं काम अक्कांनी आपण होऊन घेतलं. त्या जुन्या हातानं तेल घालतात, म्हणजे दिव्यात आणि दिव्याभोवती. तेराव्या दिवशी मी लिफाफा उचलला तेव्हा त्यावर बशीएवढा तेलाचा डाग होता, आणि डागातून आतला कागद दिसत होता. मी डोळे मिटून तो वर्तमानपत्रात गुंडाळला. लोकांची पत्रं वाचत नाही, हा माझा अभिमान. पोचवतही नाही, हे नव्यानं कळलेलं.

दरम्यान दहाव्या दिवशी गिरीराज भेटायला येऊन गेला. दार लहान पडलं, वाकून आला. दोन पेले कॉफी प्याला. मग मला म्हणाला, "विद्या अक्का, दोन मॅच झाल्या. चौदातले अकरा चुकले."

"मनावर घेऊ नकोस."

"मनावर नाही. लाइनवर उभा राहतो आणि वाट बघतो. मग आठवतं, आता कोण ओरडणार नाही." त्यानं पेला खाली ठेवला. "कॉफी छान आहे अक्का. स्वल्प पातळ आहे."

मी पेला उचलला. या वेळी वाजला.

चौदाव्या दिवशी क्लबात गेले. सभा पुढं ढकललेली होती, म्हणजे वेळ गेली नव्हती. चिटणीस मालोजी राव शांत गृहस्थ. त्यांनी चष्मा लावून लिफाफा उलटसुलट पाहिला आणि आवक रजिस्टर बंद केलं.

"विद्याताई, हे घेता येईल का, ते बघायला लागेल."

"का?"

"नियम नऊ. सभासद वारले की सभासदत्व संपतं. आज चौदा दिवस झाले. हे पत्र आता कुणाचं?"

"अप्पांचं."

"ते खरं. पण आवक कुणाची दाखवू? शुक्रवारीच आलं असतं तर प्रश्नच नव्हता. शिक्का मारला असता, संपलं असतं."

मी खिडकीतून बाहेर पाहिलं. बाहेर पाहण्यासारखं काही नव्हतं.

तेवढ्यात अण्णा आणि वादिराज दोघंही आले. या क्लबात लिफाफ्याचा वास दोन गल्ल्यांवर जातो.

"लिहिलं तेव्हा जिवंत होते की!" अण्णा म्हणाले.

"लिहिणं म्हणजे मत देणं नव्हे," वादिराज म्हणाले. "मत सभेत पडतं. सभेच्या दिवशी मतदार नाही."

"आणि पोस्टात अडकलं असतं तर?"

"पोस्टात नव्हतंच. पिशवीत होतं." वादिराज माझ्याकडे वळले. त्यांचा आवाज मऊ होता, पण प्रश्न प्राध्यापकाचा. "मॅडम, शुक्रवारी दिलेलं पत्र शुक्रवारी का नाही आलं?"

"राहून गेलं," मी म्हटलं.

मालोजी रावांनी ते कागदावर टिपून घेतलं. 'राहून गेले.' माझं खोटं आता क्लबाच्या दप्तरात होतं आणि त्याला मात्र आवक क्रमांक मिळाला होता.

नियमांच्या पुस्तकात शेवटी एक फट सापडली. चौदा 'क': असा लिफाफा सदस्याच्या घरच्या माणसानं आणला तर उशीर माफ करण्याचा अधिकार समितीला. "फक्त घरचं माणूस असल्याचा पुरावा लागेल," मालोजी राव म्हणाले.

"मालोजी काका, तुम्ही माझ्या बारशाला जेवला आहात."

"जेवलो. पण दप्तराला काय माहीत? वंशवृक्षाचा दाखला आणा."

वंशवृक्षाचा दाखला म्हणजे आपण आपल्या बापाचे आहोत हे सरकारनं मान्य केल्याचा कागद. त्याला अप्पांचा मृत्यूचा दाखला लागतो, प्रतिज्ञापत्र लागतं आणि घर ओळखणारे साक्षीदार लागतात. साक्षीला अनुसूया अक्का ठेवणीतली साडी नेसून आल्या. कचेरीतल्या कारकुनानं विचारलं, "मूळ गाव?"

"चामराजपेट."

"मराठी ना तुम्ही? मूळ गाव सांगा."

"साडेतीनशे वर्षं इथंच आहोत."

"त्याआधी?"

त्याआधीचं मला माहीत नव्हतं. त्यानं खेदानं मान हलवली, जणू मी आजच गाडीतून उतरले होते. अक्का पुढं सरसावल्या. "हिचा बाप माझ्या भिंतीपलीकडं चाळीस वर्षं खोकला! आणखी काय पाहिजे?" हे साक्षीत लिहिता येत नाही असं त्यानं नम्रपणे सांगितलं.

मग कारण. त्याच्या पडद्यावर जमीन, पेन्शन, बँक आणि इतर असे चार पर्याय होते. "इतर," मी म्हटलं.

"इतर म्हणजे काय ते लिहायला लागतं."

"बास्केटबॉल."

त्यानं प्रथमच मान वर केली. मी सगळं सांगितलं. म्हणजे एक गोष्ट सोडून सगळं.

"शहाजी क्लब? तो उंच पोरगा? गिरी?" कारकून खुर्चीत मागं रेलला. "मी येतो मॅच बघायला. काढून टाका त्याला, मॅडम. माणूस किती वेळा जीव लावणार?" शेजारच्या टेबलावरून दुसरा कारकून म्हणाला, "लावलेला जीव काढून घेता येतो काय रे?" पुढची वीस मिनिटं रांग थांबली. रांगेतल्या एका गृहस्थांनी मध्यस्थी करून पाहिली, पण ते क्रिकेटवाले निघाले आणि दोघांनी मिळून त्यांना गप्प केलं. आठ दिवसांनी दाखला आला. त्यात रघुपती राव यांच्या नावाखाली एक रेघ आणि रेघेखाली मी, एकटी. झाड म्हणायला फारच कमी फांद्या होत्या. मी तो घडी न घालता घरी आणला.

सभा महिन्याच्या शेवटच्या शनिवारी भरली. पुरावा म्हणून मी समोर बसले होते. लिफाफा टेबलावर आला आणि तेलाच्या डागानं नवं प्रकरण सुरू केलं.

"हा कुणीतरी उघडलाय," समितीतलं कुणीतरी म्हणालं.

"उघडला नाही, दिव्याचं तेल आहे," मी म्हटलं. अनुसूया अक्का बाहेरच्या पायरीवर या प्रसंगासाठीच येऊन बसल्या होत्या. "मी सांडलं! लिहून घ्या!" त्या तिथूनच ओरडल्या.

लिफाफा हातोहात फिरला. वादिराजांनी तो ट्यूबलाइटकडे धरला आणि त्यांचा चेहरा उजळला. डागातून एक शब्द स्वच्छ दिसत होता: 'दोष'. त्यांनी लिफाफा पुढं सरकवला. अण्णांनी तो आडवा करून पाहिला, डागाच्या दुसऱ्या टोकाशी, आणि त्यांचाही चेहरा उजळला. तिथं 'ठेव' एवढं दिसत होतं.

"मला वाटतं," वादिराज घसा साफ करून म्हणाले, "नियम नियम म्हणून माणसाच्या शेवटच्या मताचा मान ठेवू नये, हे बरं नव्हे. उशीर माफ करावा."

"मी तर पहिल्यापासून म्हणतोय!" अण्णांनी सगळ्यांना शेंगदाणे दिले.

क्लबाच्या इतिहासात प्रथमच सहाच्या सहा हात वर झाले. मत उघडण्याआधीच ते मोजायचं ठरलं. मालोजी रावांनी शिक्का मारला. तो आवाज ऐकून मला वाटलं, झालं, दिलं पत्र. शुक्रवारी सांगितलेलं आज खरं झालं. आता हलकं वाटेल, म्हणून मी थांबून राहिले. वाटलं नाही.

मालोजी रावांनी कागद उघडला आणि वाचायला लागले.

"गिरीराजचे दोष. एक, फेकताना कोपर बाहेर जातं. दोन, डाव्या हातानं चेंडू खेळवताना खाली बघतो. तीन, मागं धावायला आळस. चार, चुकल्यावर छपराकडे बघतो, जसं काय छपरानं चूक केली..."

असे सतरा दोष होते. वादिराज प्रत्येकाला मान हलवत होते. दहाव्यानंतर अण्णांनी शेंगदाणे खायचे थांबवले. मालोजी रावांनी पान उलटलं.

"'आमच्या कारखान्यात जे घड्याळ भंगारात जायचं त्याचे दोष आम्ही लिहीत नव्हतो. कशाला लिहायचे? ते सरळ टोपलीत टाकायचो. दोषांची यादी करायची ती दुरुस्त करून पुन्हा टेबलावर यायच्या घड्याळाची. सबब गिरीराजला संघात ठेवावं आणि ही यादी त्याला द्यावी. ता. क. सभेत चहा गरम द्यावा.'"

चार विरुद्ध तीन. वादिराजांनी चष्मा काढून पुसला, परत लावला, कागद मागून घेतला आणि बोटानं यादी मोजली.

"सतरा," ते म्हणाले. "माझ्याकडे तेराच आहेत."

"बघा!" अण्णा म्हणाले, पण काय बघायचं ते त्यांना सांगता आलं नाही.

घरी येऊन मी कॉफी केली आणि अप्पांनी काढलेले माझे दोष आठवायला बसले. दोन्ही हातांची बोटं दोनदा संपली तेव्हा थांबले. गिरीराजपेक्षा मी पुढं होते.

दुसऱ्या दिवशी रविवारी मॅच होती. हरलो तर तिसरा विभाग. मी आजवर एकही मॅच पाहिली नव्हती, अप्पा दर वेळी "येतेस?" विचारत आणि मी "बघू" म्हणे. अण्णांनी अप्पांची खुर्ची पुसून ठेवली होती. "बसा, विद्याताई. आणि तो लाइनवर आला की ओरडायचं. जमेल ना?"

"मी मैदानात कधी ओरडलेले नाही."

"पोटातून," वादिराज म्हणाले. "गळ्यातून नको, बसेल." मग त्यांनी फोनमध्ये पाहून सांगितलं, "रावसाहेब ओरडले तर शंभरात एकाहत्तर जातात. नाहीतर बेचाळीस. भावनेचा प्रश्न नाही, मॅडम. आकडे आहेत." गेली सहा वर्षं ते हे आकडे ठेवत होते, आणि अण्णांना कधी सांगितले नव्हते. अण्णा त्यांच्याकडे बघतच राहिले.

हे होणार हे ओळखून अनुसूया अक्कांनी सकाळीच मला गच्चीवर नेऊन चार वेळा ओरडायला लावलं होतं. तिसऱ्या वेळी समोरच्या घरातून कुणीतरी विचारलं, काय चोरीला गेलं.

दोन मिनिटं राहिली तेव्हा आम्ही एका गुणानं मागं होतो आणि गिरीराज लाइनवर आला. दोन फ्री थ्रो. क्लब गप्प झाला. पहिल्या वेळी माझा आवाजच निघाला नाही. चेंडू कडेवर आपटून बाहेर गेला आणि गिरीराजनं छपराकडे पाहिलं. दोष क्रमांक चार. मग त्यानं खुर्चीकडे पाहिलं.

तो चेंडू हातात धरून थांबला. अण्णांनी मला कोपरानं ढोसलं. मी उठले. 'गिरी, कोपर आत', तीनच शब्द, गच्चीवर चार वेळा म्हटलेले. खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिले तर हाताखाली नाव लागलं, पांढऱ्या रंगाचं, जरा उखडलेलं. गिरीराज वाट बघत होता. सगळेच बघत होते. दुसऱ्या चेंडूचं काय झालं ते वादिराजांच्या फोनमध्ये आहे. मी पाहिलं नाही. मी पोटातून आवाज काढला, आणि पत्र्याच्या छपराखाली तो शेवटच्या पायरीपर्यंत गेला.

"अप्पा, शुक्रवारी मी पत्र दिलं नव्हतं. राहून नाही गेलं, मुद्दाम दिलं नाही. खोटं सांगितलं तुम्हाला. आणि डिकॉक्शन पातळच होतं!"